डोळा, कान, हात आणि मोबाइल



आमचा साक्षरता-वर्ग रात्री आठ वाजता गावच्या समाजमंदिरात भरतो. दिवसभर रानात, बांधकामावर, दुसऱ्याच्या घरी राबून मंडळी येतात. कुणाला सही शिकायची असते, कुणाला बँकेचा कागद वाचायचा असतो. मी सेवानिवृत्त मुख्याध्यापक. मॅट्रिक झालो, मग शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि छत्तीस वर्षे मुलांना शिकविले. आता मोठ्या माणसांना शिकवितो.

एके रात्री वर्ग सुटल्यावर एक ताई मागे राहिल्या. पाटी पिशवीत घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. मी म्हणालो, "काय ताई, काही विचारायचं आहे का?"

"गुरुजी, तालुक्याहून एक साहेब आला होता. त्यानं मोबाइलवर आमच्या पोराला वीस प्रश्न विचारले. मग म्हणाला, तुमचा मुलगा डोळ्यानं शिकणारा आहे. मास्तरांचं ऐकून त्याला काही यायचं नाही. त्याला पडद्यावरच शिकवायला पाहिजे. अठरा हजारांचा टॅब घ्या म्हणाला."

"मग तुम्ही काय ठरवलंत?"

"दोन शेळ्या विकीन म्हणते. पोराचं भलं होत असेल तर शेळ्यांचं काय! पण घेऊ का, गुरुजी?"

टॅब म्हणजे पाटीएवढ्या पडद्याचा मोबाइल. आणि दोन शेळ्या म्हणजे त्या घरचे दूध, आणि अडीअडचणीचा पैसा. मी म्हणालो, "शेळ्या चार दिवस दावणीलाच राहू द्या. उद्या सगळ्यांसमोर बोलू."

दुसऱ्या दिवशी वर्गात जे बोललो, तोच हा धडा.

हा विचार आला कोठून?

काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून शिकतात, काही हाताने करून शिकतात. म्हणून आधी मूल कोणत्या जातीचे ते ओळखा आणि मग त्याला त्याच रीतीने शिकवा, असा हा विचार आहे. तो पुष्कळ देशांत पसरला. न्यूझीलंड देशात नील फ्लेमिंग नावाचे गृहस्थ होते. त्यांनी शाळा-तपासनीस म्हणून बरीच वर्षे काम केले होते. १९९२ साली त्यांनी आणि त्यांच्या एका सहकारी बाईंनी शिकणाऱ्यांचे चार प्रकार मांडले. पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि करून शिकणारे. प्रकार ओळखण्यासाठी प्रश्नांचा एक कागदही तयार केला. असे कागद मग पुष्कळांनी काढले. २००४ साली इंग्लंडमध्ये काही अभ्यासकांनी अशा पद्धती मोजल्या. त्या ७१ भरल्या!

आता तुम्हीच सांगा, एकाच पोराच्या डोक्याचे मोजमाप करायला ७१ मापे असतील, तर खरे माप कोणते?

विचार ऐकायला गोड आहे. प्रत्येक मूल वेगळे, हे कोणत्या आईला पटणार नाही? मलाही पटले होते. त्याची गोष्ट शेवटी सांगेन. ती मला सांगितलीच पाहिजे.

बियाण्याची परीक्षा

गोड बोलणे खरे आहे की नाही, हे तपासायचे कसे? शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. समजा, दुकानदार म्हणाला, "हे बियाणं काळ्या रानाचं आणि ते बियाणं मुरमाड रानाचं." आपण काय करू? दोन्ही बियाणी काळ्या रानात पेरू आणि दोन्ही मुरमाड रानातही पेरू. काळ्यात पहिले जास्त पिकले आणि मुरमाडात दुसरे जास्त पिकले, तर दुकानदाराचे खरे. पण दोन्ही रानांत एकच बियाणे सरस निघाले, तर त्याचे बोलणे फोल.

मुलांचेही तसेच. पाहून शिकणारी म्हणून जी मुले निवडली, त्यांतल्या निम्म्यांना चित्रांनी शिकवायचे, निम्म्यांना नुसते ऐकवून. ऐकून शिकणाऱ्यांचेही तसेच दोन भाग करायचे. मग सर्वांची एकच परीक्षा घ्यायची. पाहणारे चित्रांनी पुढे गेले आणि ऐकणारे ऐकून पुढे गेले, तर हा विचार खरा.

२००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे सारे प्रयोग चाळून पाहिले. अशी चोख परीक्षा फारच थोड्या ठिकाणी घेतलेली आढळली. जेथे घेतली होती, तेथे काही ठिकाणी निकाल उलटच लागला होता. मुलांची अशी वर्गवारी करून शिकवावे, असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असे त्यांनी लिहिले.

मग ते वीस प्रश्न काय सांगतात? ते आवड सांगतात. एखाद्याला चित्रे आवडतात, एखाद्याला गप्पा आवडतात. आवड खोटी नाही. पण आवडणे वेगळे आणि शिकणे वेगळे. पोराला गूळ आवडतो म्हणून त्याचे पोट गुळावर भरत नाही.

रीत विषयावरून ठरते

पोहायला शिकायचे आहे. काठावर बसून कितीही ऐकले, कितीही चित्रे पाहिली, तरी पाण्यात उतरल्यावाचून पोहणे येत नाही. मग तो माणूस कानाचा असो की डोळ्याचा. जिल्ह्याचा नकाशा शिकायचा आहे. तो पाहावाच लागतो. नदी कोठून कोठे जाते हे नुसते तोंडाने सांगून डोक्यात बसत नाही. पाढा किंवा ओवी शिकायची आहे. ती कानावर पडावी लागते आणि तोंडाने घोळवावी लागते.

म्हणजे शिकण्याची रीत मुलाच्या जातीवरून ठरत नाही. ती शिकायच्या गोष्टीवरून ठरते.

अक्षराचे तर तिन्ही लागते. पूर्वी आपल्याकडे धूळपाटी होती. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचे आणि काढताना मोठ्याने म्हणायचे. डोळा पाहतो, कान ऐकतो, बोट फिरते. इटलीत डॉक्टर मारिया माँटेसरी या विदुषीने १९०७ साली रोम शहरात गरिबांच्या मुलांसाठी बालगृह काढले. तिने खरखरीत कागदाची अक्षरे कापून फळीवर चिकटविली. मूल त्यांवरून बोट फिरवी आणि त्याच वेळी उच्चार करी. आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच काम केले. आदिवासी मुलांसाठी त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने ही साधने केली. त्यांनी मुलांना डोळ्याची, कानाची, हाताची अशा तीन रांगांत बसविले नाही. प्रत्येक मुलाचा डोळा, कान आणि हात तिघांनाही कामाला लावले.

मग मुलामुलांत फरक नाही का?

आहे. पण तो दुसरीकडे आहे. कुणाला आधीचे येत असते, कुणाला येत नसते. ज्याला वजाबाकीतला हातचा कळला नाही, त्याचा भागाकार कसा जमावा? कुणी लवकर शिकतो, कुणाला वेळ लागतो. कुणाला फळ्यावरचे नीट दिसत नाही. कुणाला कमी ऐकू येते. काही हुशार मुलांनाही अक्षरे ओळखताना फार त्रास होतो. त्यांना वेगळी मदत लागते.

म्हणून मूल मागे पडत असेल, तर त्याची जात शोधू नका. आधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. मग त्याला कोठवर येते ते पाहा आणि तेथून पुढे शिकवा. "हा ऐकूनच शिकतो" म्हणत राहिलो आणि त्याला चष्म्याची गरज असली, तर त्याची वर्षे फुकट जातात.

आता मोबाइलकडे वळू

मी मोबाइलचा शत्रू नाही. मोबाइलमुळे आमच्या वर्गातल्या एक आजी मुंबईच्या नातीचे तोंड रोज पाहतात. पण यंत्र आले की शिक्षण आले, असे होत नाही.

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तेथल्या सरकारने खेड्यापाड्यांतल्या गरीब मुलांना छोटे संगणक वाटले. पुढे ३१९ शाळांत त्याची तपासणी झाली. तिचा निकाल २०१२ साली छापून आला. संगणक मिळालेली मुले संगणक वापरायला शिकली. पण भाषा आणि गणित या विषयांत ती इतर मुलांच्या पुढे गेलेली दिसली नाहीत. बैल दारात आणून बांधला म्हणून नांगरट होत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. २०१५ साली दिल्लीत मोठ्या वर्गांतल्या मुलांवर एक प्रयोग झाला. सहावीतली मुले गणितात सरासरी दोन-अडीच इयत्ता मागे होती. शाळेत शिक्षक सहावीचे शिकवीत, आणि मुलाला चौथीचेही नीट येत नसे. शाळेबाहेरच्या एका केंद्रात सोडत काढून काही मुलांना घेतले. रोज पाऊण तास संगणकावर अभ्यास आणि पाऊण तास शिक्षकाजवळ लहान गटात अभ्यास. संगणक प्रत्येकाला प्रश्न विचारी. उत्तरावरून त्याला कोठवर येते हे ताडी आणि तेथून पुढचा धडा देई. साडेचार महिन्यांत या मुलांनी गणितात आणि हिंदीत चांगली मजल मारली. सोडतीत नंबर न लागलेली मुले त्यांच्या बरीच मागे राहिली.

दोन्हीकडे यंत्रच होते. मग फरक कशाने पडला? दिल्लीच्या यंत्राने "तू डोळ्याचा की कानाचा?" असे विचारले नाही. "तुला कोठवर येतं?" असे विचारले. मुलाला उत्तर द्यायला लावले. आणि जवळ शिक्षक होता.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातले उदाहरण घ्या. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात काळे-पांढरे चौकोन छापण्याची कल्पना राबविली. त्यांना क्यूआर कोड म्हणतात. दुकानात पैसे द्यायला असतो, तसाच चौकोन. त्यावर मोबाइल धरला की त्या धड्याचे चित्र, गाणे किंवा गोष्ट उघडते. २०२० साली डिसले गुरुजींना जगातला मोठा शिक्षक-पुरस्कार मिळाला. त्याची रक्कम दहा लाख डॉलर. त्यातली अर्धी त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. बालभारतीच्या पुस्तकांतही असे चौकोन आहेत. सरकारने २०१७ साली 'दीक्षा' नावाची सोय सुरू केली, तीत हे धडे आहेत. त्यांना वेगळे पैसे पडत नाहीत. इंटरनेटचा खर्च तेवढा येतो.

एक गोष्ट विसरू नये. २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. सगळे शिक्षण मोबाइलवर आले. तेव्हा पुष्कळ घरांत एकच मोबाइल होता आणि तो कामावर गेलेल्या बापाच्या खिशात होता. घरात दोन मुले, तर थोरल्याला की धाकटीला, हा प्रश्न. बहुधा धाकटी मागे राहिली. म्हणून ज्या शिक्षणाला यंत्रावाचून चालत नाही, ते गरिबाला महाग पडते.

वाचा, झाका, सांगा

आता सगळ्यांत उपयोगी गोष्ट सांगतो. तिला एक पैसाही लागत नाही.

२००६ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चार बैठकींत तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या बैठकीतच वाचला. पुढच्या तीन बैठकींत कागद न पाहता आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. त्यांना शंभरांत ८३ भाग आठवत होते, दुसऱ्यांना ७१. पण आठवड्याने पारडे फिरले. नुसते वाचणाऱ्यांकडे ४० भाग उरले. आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१ उरले.

पाहत राहिले, वाचत राहिले की 'मला येतंय' असे वाटते. पडद्यावर तर फारच वाटते. पण ते पाण्यावरचे अक्षर. झाकून आठवावे लागते, अडखळावे लागते, तेव्हा ते पक्के होते.

म्हणून मुलाने मोबाइलवर धडा पाहिला, की मोबाइल पालथा ठेवा आणि म्हणा, "काय पाहिलंस ते मला सांग." तुम्हाला तो विषय येत नसला तरी बिघडत नाही. मूल सांगताना कोठे अडते, ते आईला कळतेच.

यंत्र घेण्याआधी किंवा मुलाच्या हाती देण्याआधी हे चार प्रश्न विचारा.

१. हे असे काही दाखविते का, जे एरवी दिसत नाही? धडधडते काळीज आतून कसे चालते, ग्रहण कसे लागते, हे पडद्यावर छान कळते. शेळी आणि चिंचेचे झाड पाहायला पडदा कशाला?

२. हे मुलाला उत्तर द्यायला लावते, की नुसते बघत बसविते?

३. उत्तर चुकले तर मागे येऊन समजाविते, की पुढे पळते?

४. बंद केल्यावर मुलाला ते सांगता येते का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर अठरा हजारांचे यंत्रही खेळणेच.

इतके बोलून झाल्यावर मी त्या ताईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "म्हणजे गुरुजी, माझं पोरगं डोळ्याचं नाही?"

मी म्हणालो, "ताई, तुमचं पोरगं डोळ्याचं आहे, कानाचं आहे आणि हाताचंही आहे. अख्खं आहे."

वर्ग हसला. ताईही हसल्या. शेळ्या विकल्या नाहीत. मुलाचे डोळे मात्र त्यांनी सरकारी दवाखान्यात तपासून घेतले. चांगले आहेत. आता त्या रोज रात्री त्याला विचारतात, "आज काय शिकलास, सांग." तो सांगतो. एक दिवस त्यानेच उलट विचारले, "आई, तू काय शिकलीस?" त्यांनी पाटीवर 'शेळी' लिहून दाखविले.

माझी चूक

आता माझी गोष्ट.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. हाताचा मोठा कसबी. शाळेची घंटा तुटली, त्याने तारेने बांधली. हापसा बिघडला, तो मोठ्या माणसांच्या आधी त्याच्यापाशी जाऊन बसला. वाचनात मात्र मागे. मी एका शिबिरात हा नवा विचार ऐकून आलो होतो. मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "हा पुस्तकाचा नाही, हा हाताचा पोरगा आहे."

मी ते कौतुकाने म्हणालो होतो. त्यालाही आनंद झाला. त्या दिवसापासून वाचनाच्या तासाला मी त्याला बागेला पाणी घालायला पाठवू लागलो. तोही खुशीने जाई. बाग फुलली. सातवी करून तो शाळेतून गेला, तेव्हा त्याला धड चार ओळी वाचता येत नव्हत्या.

काही वर्षांपूर्वी तो मला बाजारात भेटला. आता तो गवंडी आहे, चार माणसे हाताखाली आहेत. त्याने खिशातून एक कागद काढला. कर्जाचा कागद होता. त्यावर त्याची सही होती. म्हणाला, "गुरुजी, यात काय लिहिलंय ते जरा सांगा."

मी कागद वाचला. त्याला सांगितले होते त्याहून व्याज जास्त होते.

मी म्हणालो, "सही करण्याआधी कुणाकडून वाचून का घेतलं नाहीस?"

तो सहज म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होता ना गुरुजी, मी पुस्तकाचा नाही म्हणून."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

मंडळी, मी त्याला मारले नाही, हिणविले नाही. मी त्याला एक नाव दिले आणि त्या नावाच्या आड त्याला शिकवायचे टाळले. हाताने हुशार असणे ही देणगी होती. त्या हाताला धरूनच मला त्याला अक्षरांकडे नेता आले असते. विटांवर खडूने अक्षरे लिहून रचायला सांगितली असती, तर त्याने अख्खे वाक्य रचले असते. हे मला तेव्हा सुचले नाही.

तो आता आमच्या वर्गाला येतो. मागच्या बाकावर बसतो. परवा सिमेंटच्या दुकानाची पावती घेऊन आला आणि माझ्यासमोर उभा राहून मोठ्याने वाचू लागला. मधे दोन ठिकाणी अडला. शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि थांबलो. थोडा वेळ गेला. मग तो शब्द त्यानेच वाचला.

तुमच्यापैकी कुणी म्हणत असेल, "मी ऐकून शिकणारा, मला अक्षर यायचं नाही," तर ते मनातून काढून टाका. ते नाव तुम्हाला दुसऱ्याने दिले आहे. आणि आपल्या मुलाला असे नाव कुणालाही देऊ देऊ नका. साहेबाला नाही, यंत्राला नाही आणि मास्तरालाही नाही.

अभ्यास

शब्दांचे अर्थ : वर्गवारी – निरनिराळे गट पाडणे. फोल – पोकळ, खोटे. कसबी – हाताच्या कामात कुशल. हापसा – हाताने पाणी उपसण्याचा पंप. सोडत – चिठ्ठ्या टाकून केलेली निवड.

प्रश्न : (१) बियाण्याची परीक्षा कशी घ्यावी? (२) पेरू देशातल्या आणि दिल्लीतल्या मुलांच्या गोष्टीत फरक कोणता? (३) गुरुजींनी आपली चूक कोणती सांगितली? (४) तुम्हाला कुणी असे नाव दिले होते का? ते आठवा आणि दोन ओळी लिहा.

करून पाहा : हा धडा आता मिटा. त्यातल्या तीन गोष्टी शेजारच्याला सांगा. मग उघडा आणि काय राहिले ते पाहा. चार दिवसांनी पुन्हा तसेच करा.